ऐकू आलं का समद्यांना?

दगूकाकांचा आवाज मी बंद केला.

ते गेले महिन्याभरापूर्वी. झोपेतच, हार्ट अटॅकने. आवाज त्याच्या पाच महिने आधीच गेला होता.

आमच्या कंपनीचा भाजीपाला नाशिकजवळच्या गिरणाऱ्याहून मुंबईच्या हॉटेलांना जातो. काका तिथे गाडी भरून घ्यायचे. मी नाशिकच्या ऑफिसात ऑर्डर बघते. सगळ्यांचा एकच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. त्यात हॉटेलांचे पर्चेस मॅनेजरसुद्धा.

काका टाइप करायचे नाहीत. रोज व्हॉइस नोट.

"नमस्कार. मी दगू बोलतोय, गिरणाऱ्याहून. गाडी निघाली. कोथिंबीर वल्ली हाय, तिच्यावर क्रेट ठेवू नका. ऐकू आलं का समद्यांना?"

ओरडूनच बोलायचे. विहिरीच्या पलीकडे कोणी उभं असल्यासारखं.

आमच्या घरीही सगळे असंच बोलतात. मी घरातली पहिली ग्रॅज्युएट. मुंबईच्या लोकांसमोर मला त्या आवाजाची लाज वाटायची. हे आज कळतंय.

एक दिवस मी ग्रुपवर लिहिलं, "आलं काका, पार मुंबईपर्यंत आलं. फोन नसता तरी आलं असतं 😂"

सगळे हसले. एका मॅनेजरने लिहिलं, "मॅडम फॉर्मात आहेत आज."

काकांनी हात जोडलेला इमोजी टाकला.

दुसऱ्या दिवसापासून मेसेज टाइप होऊन येऊ लागले.

"गाडी निगाली."

बस, एवढंच. कोथिंबीर वरती की खाली, काही नाही.

ऑफिसातले सर म्हणाले, "आता ग्रुप कसा प्रोफेशनल वाटतो."

मला बरं वाटलं होतं. खरंच सांगते, बरं वाटलं होतं.

गेल्या आठवड्यात त्यांच्या मुलीचा, मनीषाचा फोन आला.

"ताई, पप्पांचा फोन खराब झाला, त्यातलं काहीच नाय राहिलं. तुमच्या ग्रुपवर त्यांचा आवाज असंल ना? कामाचा असला तरी चालंल."

मी शोधत बसले. शेवटचे पाच महिने नुसतं "गाडी निगाली". त्याआधीच्या सगळ्या नोट्स मी स्टोरेज भरलं म्हणून उडवलेल्या. ऑफिसात इतर कोणाकडेही नव्हत्या.

एक सापडली. माझ्या मैत्रिणीच्या चॅटमध्ये. मीच तिला पाठवलेली. खाली माझेच शब्द, "ऐक ना, मेले हसून."

त्यांचा आवाज उरला तो एवढ्याचसाठी, की मला त्यावर हसायचं होतं.

मी ती नोट मनीषाला पाठवली.

दोन दिवसांनी तिचा परत फोन.

"आई रोज लावती ताई. शेवटी पप्पा इचारतात ना, ऐकू आलं का, तवा आई म्हणती, आलं. मोठ्यानं म्हणती. पप्पांना डाव्या कानानं ऐकू यायचं नाय ना."

मला हे माहीत नव्हतं. दोन वर्षं एका ग्रुपवर होतो आम्ही.

"ह्याच्यानंतरची एखादी नाय का?"

"नाही," म्हटलं.

का नाही, हे तेव्हा सांगितलं नाही. आज सकाळी मी फोन करून सांगितलं. सगळं.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हाईत हाय ताई. घरी येऊन बोलले होते. म्हणले, मॅडम शिकलेल्या हायेत, त्यांना बरोबर कळत असंल. मला टायपिंग शिकीव. चार दिवस बसले होते माझ्यापाशी."

ती रागावली असती तर बरं झालं असतं.

जोक सगळ्यांसमोर केला होता, म्हणून ही पोस्टही सगळ्यांसमोर लिहितेय. ग्रुपमधले बरेच जण इथे आहेत. वाचा.

माझ्या फोनमध्ये ती नोट अजून आहे. रोज गाडी निघायच्या वेळी ऐकते. शेवटचा प्रश्न आला की माझ्या तोंडून आवाज निघत नाही.

काका, लिहून सांगते. ऐकू आलं होतं.

समद्यांना.

तुम्हाला शेवटचा नमस्कार.