सरळ पाठीची माय

माझ्या सासूबाई मुलगी बघायला जायच्या, पण मुलीकडे बघायच्याच नाहीत. मुलीच्या आईला म्हणायच्या, "पाण्याचा गुंड उचला जी." ती उचलून उभी राहिली की तिच्या मणक्यांवरून खुशाल बोट फिरवायच्या. "पोरगी काय पाहाची? तरणी सारीच सीदी रायते. माय पाहा, मंग समजते पोरगी पुढं कशी होते ते."

माझ्या आईची पाठ पास झाली, म्हणून मी आमगावजवळच्या या घरात आले. त्याआधी माझ्या चुलतबहिणीला त्यांनी काकूच्या तोंडावर नाकारलं होतं. "वाकल्या मायची पोरगी कायले करावं? वाकून धानाचा रोवणा कोण करन?" काकूनं पाठीवर पदर ओढून घेतला. या मात्र तिथंच बसून पोहे खात राहिल्या.

दुष्ट होत्या का? होत्याच. जीव होता तो फक्त वनितावर, माझ्या नणंदेवर.

पाळी गेल्यावर काही वर्षांनी त्यांना नुसती शिंक आली आणि पाठीत कट्‌कन वाजलं. गोंदियाचे डॉक्टर फोटो पाहून म्हणाले, "हड्डियाँ खोखली हैं, अम्मा. खानदान में चलता है. बेटी को भी सँभालना."

येताना बसमध्ये मला हसू आवरेना, खोटं कशाला बोलू! त्यांनी ओळखलं. "हास, हास. पर वनिताच्या सोयरिकीत माही पाठ दिसाची नाही, सांगून ठेवतो."

मग ते सोंग उभं राहिलं. पाहुणे लांबचे, छत्तीसगडकडचे. सासरे आणि माझे वडील दोघंही आधीच गेलेले. माझी आई वनिताची माय झाली, मी तिची बहीण, माझा नवरा घरचा जावई. आणि सासूबाई मागच्या खोलीतली आजारी आत्या. लग्नही तसंच लागलं. निघताना वनिता माझ्या आईच्या गळ्यात पडून "माय वं" म्हणून रडली. मागून हुंदका ऐकू आला. "माहा आवाज आला त दार लावून घेजो," असं त्यांनी मला आधीच बजावलं होतं. मी दार लावलं.

पुढं त्या गेल्या. आत्या वारली असं सासरी सांगून वनिता आली. तिची सासू सोबत होती, म्हणून रडलीसुद्धा आत्यापुरतीच.

यंदा मी वनिताकडे गेले होते, तेव्हा बादली उचलताना तिचं मनगट मोडलं. तिच्या सासूबरोबर मीही दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी विचारलं, "माँ को थी क्या हड्डियों की तकलीफ?"

तिच्या सासूनंच उत्तर दिलं, "नाही जी. हिची माय आताही धान कापते."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात वनितानं चांगल्या हातानं माझा हात घट्ट आवळला. म्हणाली, "माय ठणठणीत हाय."

डॉक्टरांनी मान डोलावली, प्लास्टर घातलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.