दिनकरच्या गलबताचा झेंडा

फोन आला तेव्हा माझ्या हातात दिनकरच्याच गलबताचा दोरा होता. सांगलीच्या बाजारात एका दुकानातून दुसऱ्या दुकानात फिरत मी मातकट रंगाचं, न चकाकणारं, केसाएवढं बारीक रीळ शोधत होतो, कारण आधी नेलेली रिळं दिनकरनं माझ्याच अंगावर टाकली होती. एकाला चकाकी होती, दुसऱ्याचा पीळ उलटा होता. पिळाची दिशा हातभर अंतरावरून कुणाला दिसते, हे मी विचारलं नव्हतं. त्याला विचारून उपयोग नसायचा. फोनवर वहिनी होत्या. "भावजी, ह्ये गेले... दुपारी जरा पडतो म्हनाले, आन् उठलेच न्हाईत." मी "आलो" म्हणालो आणि इस्लामपूरची एसटी धरली. अर्ध्या वाटेत लक्षात आलं, रीळ मी विकत घेऊन आलो होतो. रंग बरोबर होता, पीळही बरोबर होता, आणि ते बघायला हा माणूस थांबला नाही... मला रडू आलं नाही, संताप आला.

दिनकर आणि मी शाळेपासूनचे. तो फौजेत गेला, मी माधवनगरला वडिलांच्या कापडाच्या दुकानात बसलो. सुभेदार होऊन परत आल्यावर त्यानं उसाची जमीन धाकट्या भावाच्या हवाली केली आणि इस्लामपुरात घर बांधलं. आता हा आराम करेल असं आम्हाला वाटलं होतं. तेवढ्यात कुठल्याशा संग्रहालयात त्यानं काचेच्या पेटीत मराठी आरमाराचं एक गलबत पाहिलं. शिडं वाऱ्यानं पुढं फुगलेली, आणि डोलकाठीवरचा झेंडा मात्र मागं उडतोय. झालं. तिथल्या माणसाशी वाद घालून घरी आला तो रागातच. लोकांना छंद आवडीनं लागतो, ह्याला चिडून लागला. "मीच करून दावतो," म्हणाला. सगळी नोकरी वाळवंटात आणि बर्फात काढलेला, विहिरीत पोहायला शिकलेला माणूस, आणि म्हणे गलबत.

त्यासाठी त्यानं वहिनींचं जेवणाचं टेबल घेतलं. नवं होतं. तेव्हापासून त्या घरात सगळे जमिनीवर बसून जेवले. हा मालवणला जाऊन जुन्या सुतारांचं डोकं खाऊन आला, जुन्या चित्रांवर भिंग घेऊन बसला. फळ्या सागाच्या, त्या लाकडी खुंट्यांनी जोडायच्या, लोखंडाचा खिळा चालायचा नाही. गलबत खऱ्याच्या पन्नासाव्या हिश्शाचं, तेव्हा त्यातली प्रत्येक वस्तू पन्नासाव्या हिश्शाची हवी. शिडाचं कापड द्यायचं काम अर्थात माझं. मी दुकानातली सगळ्यात तलम मलमल नेली. त्यानं ती दोन बोटांत चोळली. "रफिक, ह्ये पन्नास पट मोठं करून बघ डोस्क्यात. शीड न्हाई, गोधडी व्हतीय." माझा जन्म कापडात गेला, आणि हा मला कापड शिकवत होता. शेवटी एका म्हातारीच्या लग्नातल्या विरलेल्या ओढणीचं कापड त्याला पटलं. ती म्हातारी माझी आई. तिनं माझ्यासमोर कधी ती ओढणी बाहेर काढली नव्हती, ह्याला मात्र हसत काढून दिली.

सांगाडा आणि डोलकाठ्या उभ्या राहिल्या त्या वर्षी गल्लीतल्या मंडळानं शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी गलबत मागितलं. त्यानं दिलं, हेच नवल. पोरांनी ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर फुलांत बसवलं आणि वर हौसेनं झेंडा लावला, मागं उडणारा. दिनकर चौकात ट्रॅक्टरपुढं आडवा झाला. ढोल थांबले.

"दादा, ट्रॅक्टर म्होरं चाललाय, मग झेंडा मागंच उडनार की," मंडळाचा अध्यक्ष म्हणाला.

"ट्रॅक्टर डिझेलवर जातो रं. गलबत वाऱ्यावर जातं. वारा पाठीमागनं ढकलतोय, मग झेंडा मागं कसा यील? म्होरंच उडनार."

"कोन बघतंय दादा एवढं?"

"मी बघतोय न्हवं."

गलबत ट्रॉलीवरून उतरवून तो घरी घेऊन गेला. तेही माझ्या डोक्यावर देऊन. पुढच्या वर्षी मंडळानं थर्माकोलचं जहाज आणलं.

मग त्याचे हात थरथरायला लागले. चहाची बशी सांडायची, त्याचं त्याला काही नव्हतं. पण दोर बांधायचे राहिले होते, आणि दोरांशिवाय गलबत म्हणजे त्याच्या मते नुसती पाण्यावरची पेटी. माझं दुकान सोमवारी बंद असतं, हे त्याला ठाऊक होतं. दर सोमवारी मी चष्म्यावर चष्मा चढवून चिमट्यानं गाठी मारायच्या आणि त्यानं खुर्चीवरून मला शिव्या द्यायच्या, असं सुरू झालं. मी वैतागून म्हणायचो, "अरे, माझ्याबी वयाचा इचार कर." तो म्हणायचा, "तुझं हात हालत न्हाईत तोवर कर गड्या." एकदा मात्र शिव्या देता देता थांबला. स्वतःच्या हातांकडं बघत म्हणाला, "पुरं व्हईल न्हवं रं माझ्या देखत?" मी म्हणालो, "व्हईल की." ... झालं नाही. शेवटच्या शिडाचे दोर आणि झेंडा राहिला. झेंड्याला त्यानं स्वतः खळ घालून पुढं फडफडता आकार दिला होता, तो तसाच डबीत पडून होता.

तेरावा झाल्यावर मी त्याच रिळानं उरलेल्या गाठी मारल्या आणि झेंडा लावला. पुढं उडणारा. पुढच्या सोमवारी गेलो तर झेंडा मागं. भेटायला येणारा प्रत्येकजण वाकडं दिसतंय म्हणून मायेनं सरळ करून जायचा. मी पुढं केला. त्याच वेळी मंडळाचा अध्यक्ष आला, हात जोडले, आणि माझ्या डोळ्यांदेखत बोटानं झेंडा मागं फिरवला. माझं डोकं फिरलं. "ट्रॅक्टर डिझेलवर जातो रं," मी ओरडलो, "गलबत वाऱ्यावर जातं," आणि पुढचं सगळं एका दमात. तो बिचारा चहा न घेता गेला. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात पीठभरल्या हातांनी ऐकत उभ्या होत्या.

आता येणारी माणसं कमी झाली. टेबल मोकळं करून गलबत माझ्या दुकानात नेऊ का, असं मी विचारलं, तर वहिनी म्हणाल्या, "खाली बसायची सवं लागलीया आता." परवाच्या सोमवारी गेलो, तर झेंडा पुन्हा मागं.

"कोण आलं होतं?" मी विचारलं.

"कुनीबी न्हाई ह्या आठवड्यात."

"मग हा आपोआप फिरला?"

त्या ताटं मांडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "फिरलाय खरा. मग वरडा की भावजी दोन शब्द... लय दिस झालं, घरात कुनी वरडलं न्हाई."

मी झेंडा पुढं केला. आणि मग रिकाम्या खुर्चीकडं बघत, ट्रॅक्टरपासून सुरुवात करून, सगळं ओरडलो.