हाक मारायची राहून गेली

आधीच सांगून टाकते. असल्या विषयांवर गप्पा निघाल्या की सगळ्यात पुढे बसून टिंगल करणारी बाई म्हणजे मी. पॉटलकच्या, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला कुणी म्हणालं, "आमच्या बेसमेंटमध्ये आवाज येतात," की मी म्हणणार, "हीटिंगच्या फर्नेसचा फिल्टर बदल." पोटापाण्याचा धंदाही तसलाच, सॉफ्टवेअर टेस्टिंगचा. एखादी गोष्ट पुन्हा करून दाखवता आली नाही तर ती झालीच नाही, असं धरून चालायची सवय. त्यामुळे मी हे लिहायला बसलेय याचं माझं मलाच नवल वाटतंय... पण दोन वर्षं झाली तरी डोक्यातून जात नाही. कुणाला काही सुचलं तर जरूर सांगा. फक्त "शांत करून घ्या" एवढं म्हणू नका.

२००६ सालचा नोव्हेंबर. गाव ट्रॉय, मिशिगन.

मनोहरकाका आणि शैलाकाकू माझ्या नात्यातले नव्हेत. मी पुण्याहून पहिल्यांदा इकडे आले तेव्हा आईच्या मैत्रिणीने त्यांचा फोन नंबर दिला होता. पहिल्याच थंडीत माझं जॅकेट बघून काकू म्हणाल्या, "हे काय, नाटकाला निघालीस का?" आणि स्वतःचा कोट काढून दिला. तेव्हापासून त्यांचं घर ते माझं माहेर. त्यांचा मुलगा निखिल मॅसॅच्युसेट्समध्ये श्रूजबरीला असतो, त्यामुळे घराची एक किल्ली कायम माझ्याकडे.

काकांनी आयुष्यभर डेट्रॉइटकडे मोटारींची डिझाइन्स केली, पण जीव सगळा आगगाडीत. रिटायर झाल्यावर ब्रिटनभर रेल्वेने फिरायचं, हे त्यांचं किती वर्षांचं ठरलेलं. तेही टूर कंपनीबरोबर नाही. "झेंड्यामागे चालायला मी काय मेंढरू आहे?" असं विचारायचे. बेसमेंटच्या भिंतीवर त्यांनी ब्रिटनचा मोठा नकाशा लावला होता. लंडनहून यॉर्क, एडिंबरा, इन्व्हर्नेस आणि शेवटी स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं कायल नावाचं टोक, जिथे रूळ संपतात आणि समुद्र लागतो. तिकडच्या रेल्वेचा टुरिस्ट पास इथूनच काढून न्यावा लागतो. तो दोघांचा काढून झाला. गाड्यांमधल्या सीटसुद्धा रिझर्व्ह झाल्या, दोन-दोन.

आणि ऑगस्टच्या शेवटी काका गेले. सकाळी चहा घेता घेता. हार्ट.

सगळ्यांना वाटलं, ट्रिप संपली. काकू म्हणाल्या, "मी जाणार. ह्यांना घेऊन जाणार. कायलला समुद्रात सोडणार." निखिल फोनवर ओरडलाच, "मॉम, धिस इज क्रेझी! यू कान्ट गो अलोन!" काकू शांतपणे म्हणाल्या, "अलोन कुठे? बाबा आहेत ना." बाकीचे विधी त्याने केले होते, पण अस्थी काकूंनी स्वतःकडे ठेवल्या.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. अस्थी घरात ठेवत नाहीत. गावाकडे झाडाला टांगतात. ट्रॉयच्या आमच्या वसाहतीत झाडाला काही टांगलं तर शेजारी विचारायला येणार, शिवाय खारी आहेतच. म्हणून काकूंनी ती कापडी पिशवी गॅरेजमधल्या हुकाला टांगली होती, बर्फ काढायच्या फावड्याशेजारी. आणि काकूंच्या माहेरी अशी पद्धत, की अस्थी घेऊन निघालं की त्या माणसाला सांगत सांगत न्यायचं. निघताना हाक मारायची, "चला." गाडी बदलली की, "चला, इथे उतरायचं." न सांगता नेलं तर नुसत्या अस्थी जातात, माणूस मागे राहतो.

मी हे ऐकून मान हलवली होती. दुःखातल्या बाईशी कुणी वाद घालतं का?

काकू निघाल्या त्या दुपारी मी सामान बाहेर काढायला गेले होते. टॅक्सी आली. ड्रायव्हर चांगला होता बिचारा, बॅग उचलायला थेट गॅरेजमध्येच आला. काकू हुकासमोर उभ्या होत्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पिशवी काढून पर्समध्ये ठेवली आणि गाडीत जाऊन बसल्या. मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही.

घरावर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे. माझं ऑफिस जवळच, त्यामुळे लंच ब्रेकमध्ये जायचं, टपाल आत घ्यायचं, पाइप गोठू नयेत म्हणून नळ जरा सोडायचे. हीटिंग काकूंनी अगदी कमी करून ठेवलं होतं. आत कोट घालूनच वावरावं लागायचं.

पहिल्याच खेपेला डायनिंग टेबलाची एक खुर्ची पुढच्या दाराजवळ दिसली. आमच्याकडे दाराच्या बाजूला काचेची उभी पट्टी असते ना, तिच्याकडे तोंड करून. मला वाटलं, बूट घालायला काकूंनी ओढली असेल. मी ती परत टेबलाशी नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी खुर्ची पुन्हा दाराजवळ.

घाबरले वगैरे नाही. आधी मलाच शंका आली, की काल ठेवली असं नुसतं वाटलं असेल. पुन्हा जागेवर ठेवली. पुढच्या दिवशी पुन्हा तिथेच! मग मात्र माझ्यातली टेस्टर जागी झाली. खिडक्या तपासल्या, मागचं दार तपासलं, निखिलला फोन करून किल्ली आणखी कुणाकडे आहे का विचारलं. नव्हती. मग ती खुर्ची उचलून बेसमेंटमध्ये नेली आणि वरून कडी लावली. म्हटलं, आता ये बघू.

दुसऱ्या दिवशी कडी तशीच होती. आणि दाराजवळ टेबलाची दुसरी खुर्ची होती.

काकांना ओळखणाऱ्या कुणालाही हे बघून जे आठवलं असतं तेच मला आठवलं. कुठे जायचं असलं की काका दोन तास आधी तयार. जॅकेट घालून, बूट घालून दाराशी खुर्ची टाकून बसायचे आणि काकूंच्या नावाने चडफडायचे. मी स्वतःला म्हटलं, मेधा, तू थकली आहेस. ऑफिसमध्ये नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, झोप नाहीये. घरी जा.

जायला म्हणून दाराकडे वळले आणि काचेकडे लक्ष गेलं.

काचेवर आतून वाफ धरली होती. तळहाताएवढी. खुर्चीत बसलेल्या माणसाचं तोंड जिथे येईल, बरोबर तिथे. माझ्यादेखत ती विरत गेली... आणि पुन्हा धरली. विरली, पुन्हा धरली. संथ, एका लयीत. मी दहा फुटांवर उभी होते आणि माझा श्वास छातीत अडकला होता, म्हणजे तो माझा नव्हता. भर दुपार होती. बाहेर लख्ख ऊन, बर्फावर चमकणारं. मी मागच्या दाराने पळाले. हो, पळाले! गाडीत बसून दारं लॉक केली आणि इंजिन सुरू केलं.

तेवढ्यात सेलफोन वाजला. काकू. इन्व्हर्नेस स्टेशनवरच्या फोन बूथमधून.

तोवरचे त्यांचे फोन मी तुम्हाला सांगितले नाहीत. लंडनहून केलेला फोन बरा होता. यॉर्कहून म्हणाल्या, "शेजारच्या सीटवर कुणी बसू का विचारलं की मी म्हणते, माझे मिस्टर आहेत. पण बसल्यासारखं वाटत नाही गं." एडिंबराहून नुसत्याच रडल्या. आणि आता म्हणाल्या, "मेधा, उद्या सकाळी कायलची गाडी. उद्या समुद्रात सोडायचं. पण पिशवीत नुसती राख आहे बघ. प्रत्येक स्टेशनवर सांगतेय, चला, उतरा. मागे कोणीच नाही. हे आलेच नाहीयेत. राख सोडली आणि हे कुठेतरी राहून गेले तर?"

एरवी मी म्हटलं असतं, काकू, असं काही नसतं. त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं, "काकू, काका इथे आहेत. दाराशी बसलेत."

पलीकडे फक्त स्टेशनवरची अनाउन्समेंट ऐकू येत होती.

"मी हाक मारलीच नाही," काकू म्हणाल्या. "गॅरेजमध्ये. तो ड्रायव्हर आला ना... परक्या माणसासमोर पिशवीशी कशी बोलणार? लाजले गं मी. म्हटलं गाडीत बसल्यावर मनात सांगेन." मग एकदम त्यांचा आवाज बदलला. "आत जा. फोन त्यांच्याजवळ धर."

"काकू, मला नाही जमणार."

"जा गं बाळा. मला दुसरं कोण आहे तिथे?"

मी गेले. कशी गेले ते विचारू नका. काचेवरची वाफ येत-जात होतीच. मी फोन स्पीकरवर टाकला आणि हात लांब करून खुर्चीच्या पाठीपाशी धरला.

"अहो," काकू म्हणाल्या. तो आवाज मी कधी विसरणार नाही. रोज जेवायला बोलवावं इतका साधा. "अहो, ऐकलंत का? चुकलं माझं. उठा आता, चला. मी पुढे आलेय. या तुम्ही."

काचेवरची वाफ विरली. पुन्हा धरली नाही.

मी दार उघडलं. बाहेरचं काचेचं स्टॉर्म डोअर स्प्रिंगचं, जोर लावल्याशिवाय ते उघडत नाही. ते हळूहळू बाहेरच्या बाजूला उघडलं, क्षणभर तसंच राहिलं आणि सुस्कारा टाकत बंद झालं. वारा म्हणाल. मीही तेच म्हणायला बघितलं. समोरच्या घराचा झेंडा काठीला चिकटून लोंबत होता.

"निघाले का?" काकूंनी विचारलं.

"हो काकू. निघाले."

मला रडू फुटलं. खरं सांगते, आनंदाने. वाटलं, झालं, सुटले बिचारे.

दुसऱ्या दिवशी काकू कायलच्या गाडीत चढल्या नाहीत. त्या दिवशी नाही आणि त्यानंतरही नाही. परतीचं विमान गाठायला निघावं लागलं, तोपर्यंत त्या इन्व्हर्नेस स्टेशनच्या बाकावर शेजारची जागा धरून बसून होत्या. कोणी आलं नाही. पिशवी जशी नेली तशी घेऊन ट्रॉयला परतल्या. मी एअरपोर्टवर घ्यायला गेले होते. मला बघताच विचारलं, "घरी परत आलेत का?"

नव्हते. मी रोज जात होते. खुर्च्या टेबलाशी होत्या, काच कोरडी होती. घर नुसतं रिकामं झालं होतं.

गाडीत बसल्यावर काकूंनी पिशवी पर्समधून काढून मांडीवर घेतली. मग म्हणाल्या, "मी पुढे आलेय, या म्हटलं. पुढे म्हणजे कुठे, ते सांगितलंच नाही. माझा आवाज तर तुझ्या हातातून आला. ते बाहेर पडून कुणाच्या मागे गेले असतील गं?"

खुर्ची कुणी हलवली, माहीत नाही. वाफ कशाची, माहीत नाही. माझ्या मनाचे खेळ असतील तर फारच उत्तम, मला तेच हवंय. कारण ते खेळ नसतील, तर आपल्या घरात शांत बसलेल्या माणसाला मी दार उघडून बाहेर काढलं.

पिशवी पुन्हा गॅरेजमध्ये आहे. सध्या इथल्या घरांचे भाव कोसळतायत, लोक घरं सोडून चाललेत. निखिल काकूंच्या मागे लागलाय, "मॉम, जस्ट सेल इट, आमच्याकडे ये." गेल्या रविवारी त्याने मलाच मध्ये घातलं. "तूच समजाव, मॉम तुझं ऐकेल." मी गेले. काकूंनी पोहे केले होते. मी विषय काढला, त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"सगळं पटतंय मला," त्या म्हणाल्या. "पण त्यांना हा एकच पत्ता माहीत आहे ना गं."

मी एवढी टिंगल करणारी बाई. पण मीच निखिलला फोन करून सांगितलं, घर इतक्यात विकायला लावू नकोस.