माळाचे गणित, सागराचा वारा

सोलापूरजवळच्या कुंभारीचे गुरुशांत बिराजदार यांनी वीस वर्षे माळरानांवर मनोरे उभारून वाऱ्याचा वेग मोजला. कोकणच्या समुद्रात पवनचक्क्या कितपत चालतील, हे तपासण्याचे काम त्यांच्याकडे यंदा प्रथमच आले. तेथील तरंगत्या यंत्राने टिपलेल्या दहा मीटर उंचीवरील नोंदींवरून त्यांनी दीडशे मीटरवरचा वेग काढला. अहवालाची प्रशंसा झाली.

तीन दिवसांनी त्यांना स्वतःची चूक उमगली. झाडे, बांध, घरे खालचा वारा अडवतात, म्हणून जमिनीवर तो उंचीबरोबर झपाट्याने वाढतो. अडथळे नसलेल्या जलपृष्ठावर ती वाढ अल्पच असते. त्यांनी मात्र सवयीने माळाचे गुणोत्तर सागराला लावले होते. ते अन्य कोणाच्याही ध्यानी आले नव्हते.

"काका, साहेब लई खूश हायत की! आता खोडलं तर पुन्हा समुद्राचं काम देतील व्हय तुमाला?" त्यांनी चूक सांगताच कार्यालयातील सहकारी समरा म्हणाली.

"न्हाय दिलं तर न्हाय. मी लिवलं म्हणून वारा जास्ती वाहतोय व्हय, पोरी?"

त्यांनी सारे गणित नव्याने मांडले. वेग सुमारे एक पंचमांशाने घटला. सुधारित अहवालाच्या प्रथम पृष्ठावर 'पूर्वीची चूक माझी' असे लिहून त्यांनी स्वाक्षरी केली आणि तो स्वहस्ते साहेबांच्या मेजावर नेऊन ठेवला.