आत्याची गाडी कोण धुणार

माझी आत्या रुग्णवाहिका चालवते. घरी ती फारशी बोलत नाही. तिच्या गाडीत मागे पेशंटजवळ बसणाऱ्या मदतनिसाला सगळे पट्टीवाला म्हणतात. एखादी वाईट फेरी झाली की ही दोघं रुग्णवाहिका केंद्राच्या आवारात गाडी धुवायची. आत्या पाइप धरायची, पट्टीवाला ब्रश घासायचा आणि दोघं एकमेकांकडे न बघता जे बोलायचं ते पाण्याच्या आवाजात बोलून टाकायची. मग आत्या घरी येऊन जेवायची आणि घोरायची. अशी घोरायची की आम्ही दारं लावून घ्यायचो.

पुढे केंद्राच्या साहेबांना कर्मचाऱ्यांच्या मनाची काळजी वाटायला लागली. साहेबांना काळजी वाटली की कुणाचं तरी काहीतरी काढून घेतलं जातं. त्यांनी गाड्या धुण्याचं काम ठेकेदाराला दिलं आणि वाचलेल्या वेळासाठी 'मनःस्वास्थ्य कक्ष' उघडला. भिंतीवर सूर्यास्त, खाली गुबगुबीत गाद्या. युनिफॉर्मवर बसायला मनाई, डाग पडतात.

त्याच सुमाराला एका ट्रकने शाळेची बस उडवली. पोरांना आत्याच्याच गाडीतून नेलं. आत्या घरी आली आणि तिने ताट बाजूला सरकवलं. घोरणं बंद झालं. हिरव्या सिग्नललाही ती ब्रेक मारायला लागली.

"किल्ली देऊन टाकते," ती बाबांना म्हणाली. "हात लटपटतात माझे. एखाद दिवशी पेशंटला मीच मारीन."

"ताई, चार दिवस सुट्टी घे."

"आणि काय करू, तुझं तोंड बघत बसू?"

साहेबांनी त्या कक्षात मन शांत करण्याचं सहकुटुंब सत्र ठेवलं, म्हणून आम्हीही गेलो. शिकवायला आलेल्या बाईंचं नाव मी हळूबाई ठेवलंय. साधं 'पंखा लावा' म्हणायलाही त्यांना अर्धा तास लागतो.

"आऽऽता... आपण... खांऽऽदे... सोडूया."

सोडून ठेवायचे कुठे, ते काही सांगितलं नाही.

"मनातल्या दुःखाला म्हणा... ये... बऽऽस."

"गादीवर बसू देतील का त्याला?" पट्टीवाल्याने विचारलं.

साहेब एक डोळा मिटून 'व्वा, व्वा' करत होते. दुसरा डोळा मोबाइलवर.

हळूबाई आत्याकडे वळल्या. "ताऽऽई, तुम्हाला जिथे शांत वाटतं ती जागा डोळ्यांसमोर आणा. समुद्रकिनारा? बाऽऽग?"

"गाडीचं मागचं दार."

"आणि... तिथे... काय करताय?"

"धुतेय."

साहेबांचा मिटलेला डोळा उघडला. "मॅडम, ते काम आता आपल्याकडे नाही ना? तुमचाच त्रास वाचवलाय. हा वेळ स्वतःला द्या."

आत्याने खिशातून किल्ली काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली. "मग हीपण ठेवा. पाइप देणार असाल तरच मी चालवीन."

कुणीतरी बेडूक ठेवावा तसं साहेबांनी किल्लीकडे पाहिलं. संध्याकाळच्या पाळीला दुसरा ड्रायव्हर नव्हता, आणि नाही म्हणाले असते तर गाडी बहुतेक त्यांनाच चालवावी लागली असती. त्यांनी घसा खाकरला.

"म्हणजे... तत्त्वतः... माझी काही हरकत नाही. फक्त ठेकेदाराला वाईट वाटू नये."

ठेकेदाराच्या माणसाने गाडी सकाळीच लख्ख धुतली होती. या दोघांनी ती पुन्हा धुवायला घेतली.

"त्या पोराच्या पायात एकच बूट होता," आत्या म्हणाली.

"दुसरा स्ट्रेचरखाली सापडला. त्याच्या आईला नेऊन दिला मी."

"मला बोलला नाहीस."

"कधी बोलणार, ताई? तिथे डोळे मिटून?"

आत्याने पाइप एकाच जागी धरून ठेवला. पत्र्यावर आता धुण्यासारखं काहीच नव्हतं.

"काय म्हणाली ती?"

पट्टीवाला सांगायला लागला. तेवढ्यात हळूबाई मोबाइल उंच धरून बाहेर आल्या.

"किऽऽती सुंदर. हे मी माझ्या पुढच्या सत्रात घेतलं तर चालेल ना?"

दोघांपैकी कुणीच वर बघितलं नाही.

"तू सांग पुढे, काय म्हणाली ती," आत्या पट्टीवाल्याला म्हणाली, आणि तिने नळ आणखी सोडला.