नोंदणीकृत त्रिलोकेकर

डॉ. राजाराम त्रिलोकेकर आणि अप्पा यांची दारं समोरासमोर होती. गिरगावातल्या त्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर दोघांनी एकाच कठड्याला टेकून तीस-बत्तीस वर्षं पेपर वाचले. तरीही हा माणूस होता कसा, असं कोणी विचारलं असतं तर अप्पांना धड सांगता आलं नसतं. त्रिलोकेकरांच्या मनात काय चालतं याचा त्यांना कधी पत्ता लागला नाही. तिथे काही चालतं का, याचीही त्यांना शंकाच होती. जे ठाऊक होतं ते सगळं वरवरचं. त्यातलं मुख्य हे, की त्रिलोकेकर जनावरांचे डॉक्टर होते आणि त्यांनी जनावराला हात लावलेला कोणी पाहिला नव्हता.

परळच्या कॉलेजात शिकून ते सरकारी दूध खात्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. खातं दुधाचं खरं, पण गाय-म्हैस त्यांच्या टेबलापर्यंत कधी पोचली नाही. पोचले ते कागद, आणि त्यावर त्यांनी सह्या केल्या. तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या कुत्र्याचे कान धरून पोरं खेळायची. डॉक्टर मात्र मिटलेली छत्री पुढे धरून त्याच्या बाजूने निघून जायचे आणि वर म्हणायचे, ‘‘लस टोचलेली दिसत नाही याला.’’

राज्याच्या पशुवैद्यक परिषदेकडे नाव नोंदवल्याशिवाय कोणालाही जनावरांवर उपचार करता येत नाहीत. त्रिलोकेकरांचं नाव तिथे होतं, आणि हीच त्यांची आयुष्यभराची कमाई. दर पाच वर्षांनी ते नोंदणीचं नूतनीकरण करून घेत आणि आठवडाभर जिन्यात भेटेल त्याला ते सांगत. इतरांच्या घरी जिथे वडिलांचा फोटो असतो तिथे यांच्या घरी नोंदणीचं प्रमाणपत्र होतं. वडिलांचा फोटो आत, फ्रिजच्या वर. परिषदेच्या नियमाप्रमाणे मधूनमधून नव्या उपचारांवरच्या व्याख्यानांना बसावं लागे. ते बसत. हजेरीची सही करून डुलकी काढत, जेवून येत आणि तिथे मिळालेली कापडी पिशवी अप्पांना देत. अप्पा भिडस्त. नको म्हणणं त्यांना जमलं नाही. त्यांच्याकडे अशा बऱ्याच पिशव्या साठल्या.

मग निलेश आला. लालबागला त्याचं कुत्र्यांचं दुकान होतं. खाणं, पट्टे, साखळ्या विकायचा, मागच्या बाजूला कुत्र्यांना आंघोळ घालायचा. आंघोळ घालता घालता तो इंजेक्शनं द्यायला शिकला आणि पुढे त्याचा हात सुरीपर्यंत गेला. त्याला हवं होतं फक्त एक नोंदणीकृत नाव. त्रिलोकेकरांनी ते दिलं. दुकानावर त्यांच्या नावाची, खाली नोंदणी क्रमांक घातलेली पाटी लागली आणि दर महिन्याला घरी पाकीट येऊ लागलं. पाटी बघायला ते अप्पांना टॅक्सीने घेऊन गेले. आत कुत्री भुंकत होती, म्हणून दोघांनी ती समोरच्या फुटपाथवरून पाहिली.

‘‘अक्षर ठसठशीत आहे ना?’’ त्यांनी विचारलं.

अप्पा हो म्हणाले. अक्षर खरंच ठसठशीत होतं. पण ज्या दुकानात जायची भीती वाटते त्या दुकानाचे हे डॉक्टर, असं मनात आलं आणि समोरचा माणूस अप्पांना एकदम पोकळ दिसला. पण आपण कोण बोलणार, असं त्यांना नेहमीच वाटे.

परळच्या एका चाळीत राहणाऱ्या सिद्धार्थ गमरे नावाच्या तरुणाने आपली कुत्री नसबंदीसाठी या दुकानात आणली. तिचं नाव जिलबी. रस्त्यावरची, त्याच्या आईने भाकरी घालून वाढवलेली. निलेशने तिच्यावर शस्त्रक्रिया केली आणि ती दुसऱ्या दिवशी मेली. सिद्धार्थ दुकानात जाऊन भांडला नाही. पाटीवरचा क्रमांक लिहून घेतला आणि त्याने सरळ परिषदेकडे तक्रार केली. सुनावणीची नोटीस त्रिलोकेकरांच्या दारात आली.

त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचेना. जिलबीचं त्यांना काही नव्हतं. तिचं नाव ते पुढे सतत चुकत राहिले. कधी बर्फी म्हणत, कधी नुसतं ‘ते प्रकरण’. धास्ती होती ती नोंदणी जाण्याची. निलेशच्या ओळखीच्या वकिलाने त्यांना समजावलं, की मी तिथे नव्हतो असं म्हणालात तर नाव भाड्याने दिल्याचं सिद्ध होईल आणि परिषद नाव काढून टाकेल. त्यापेक्षा शस्त्रक्रिया मीच केली म्हणा. कुत्रं कोणाच्याही हातून दगावतं. ताकीद देतील, फार तर दोन-चार महिने नोंदणी थांबवतील. म्हणजे डॉक्टर म्हणून जगायचं तर ज्या कुत्रीला त्यांनी पाहिलंही नव्हतं ती आपणच मारली, असं त्यांना शपथेवर सांगायचं होतं. त्रिलोकेकरांना यात काही वावगं वाटलं नाही.

‘‘पण तुम्ही केली नाहीत ना?’’ अप्पांनी धीर करून विचारलं.

‘‘अप्पा, सुरी कोणाच्या हातात होती हा क्षुल्लक मुद्दा असतो,’’ ते म्हणाले. ‘‘जबाबदारी घ्यायला मोठं मन लागतं.’’

त्या मोठ्या मनाला एकट्याने जायला नको वाटलं, म्हणून सुनावणीला त्यांनी अप्पांना बरोबर घेतलं. अप्पा मागच्या खुर्चीत बसले. समोर परिषदेचे तिघे होते. अध्यक्षस्थानी बसलेले गृहस्थ त्रिलोकेकरांच्याच कॉलेजचे, त्यांच्या मागच्या वर्गातले. त्यांनी ‘या सर’ म्हणून पाणी मागवलं आणि निवृत्तीनंतर तब्येत कशी आहे ते विचारलं. म्हाताऱ्या माणसाला फार ताणायचं नाही, असं ठरवून आल्यासारखे ते बोलत होते. अप्पांनाही वाटलं, सुटणार हा. अशी माणसं सुटतातच.

त्रिलोकेकरांनी पाठ केलेलं सगळं सांगितलं. शस्त्रक्रिया मी स्वतः केली, काळजीपूर्वक केली, मला अतीव दुःख आहे. सिद्धार्थ खाली मान घालून ऐकत होता. अध्यक्ष लिहीत होते. फाईलमध्ये काहीतरी लिहायला हवं म्हणून, वर न बघताच त्यांनी विचारलं, ‘‘भूल कशी दिलीत, आणि छेद कुठे घेतलात, तेवढं सांगा सर.’’

पहिल्या वर्षाच्या पोरालाही सोपा असा हा प्रश्न. त्रिलोकेकर सैलावले. कॉलेजात त्यांनी एकदाच एक शस्त्रक्रिया जवळून पाहिली होती, आणि नेमकी तीच त्यांना या वेळी आठवली.

‘‘भूल जागेपुरती,’’ ते रुबाबात म्हणाले. ‘‘छेद डाव्या कुशीत. उभ्या उभ्याच केलं.’’

अध्यक्षांचं पेन थांबलं.

‘‘उभी होती?’’

‘‘हो तर. आडवी पाडली की उठवायला चार माणसं लागतात.’’

कोणी हसलं नाही. शेजारच्या सदस्यबाईंनी टेबलावरचा कागद उगाच सरळ केला. अध्यक्ष अगदी हळू आवाजात म्हणाले, ‘‘सर, ही गाय झाली.’’

सिद्धार्थने मान वर केली. ‘‘साहेब, टाके पोटाखाली होते. मधोमध. मी आणि आईने रात्रभर बघितलेत ते,’’ तो म्हणाला. ‘‘आणि तिला उचलायला चार माणसं नाही लागली. मी एकट्याने आणली घरी.’’

त्रिलोकेकरांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते अध्यक्षांकडे पाहून ओळखीचं हसले. वर्गात उत्तर चुकलं की पोरगं मास्तरांकडे बघून हसतं, तसं. अप्पांना तिथून उठून जावंसं वाटलं. एका मुक्या जिवाच्या मरणावर आपली पाटी शाबूत ठेवायला आलेला माणूस, आणि त्याला ते जनावर केवढं होतं हेही ठाऊक नाही. खोटं बोलणारे अप्पांनी नोकरीत बरेच पाहिले होते. पण ते निदान घरी अभ्यास करून येत.

महिन्याभरात निकाल आला. नोंदणीतून त्रिलोकेकरांचं नाव काढून टाकलं होतं. निलेशविरुद्ध पोलिसांत वेगळी तक्रार गेली. तिचं पुढे काय झालं ते अप्पांना कळलं नाही. त्याच्या दुकानावरची पाटी उतरली आणि दुसऱ्या कुठल्या तरी निवृत्त डॉक्टरची चढली, एवढं त्यांच्या कानावर आलं. अशी नावं पुष्कळ मिळत असणार.

आता त्रिलोकेकर खचतील, असं इमारतीत सगळ्यांना वाटलं. पंधरा दिवस ते दाराबाहेर पडले नाहीत. सोळाव्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून खाली उतरले. त्याच वेळी अप्पाही मासे आणायला निघाले होते. कोपऱ्यावर बसणाऱ्या कांताने आपलं मांजर टोपलीशेजारी गोणपाटावर ठेवलं होतं. त्याचा एक डोळा सुजून बंद झाला होता. ती कफ परेडच्या मच्छीमार नगरातून यायची. परिषदेचा निकाल तिच्यापर्यंत पोचायचं काही कारण नव्हतं.

‘‘डाक्टर, जरा बघा न हिचा डोला,’’ ती म्हणाली.

एरवी त्रिलोकेकरांनी घड्याळ पाहिलं असतं. घाई आहे, लालबागला घेऊन ये, असं सांगून सटकले असते. या वेळी ते थांबले. छाती थोडी पुढे आली.

‘‘बघितला असता गं,’’ ते म्हणाले. ‘‘पण आता सरकारने मला मनाई केलीय. हात लावला तर गुन्हा होतो.’’

कांता भारावून त्यांच्याकडे बघत राहिली. सरकारने खास मनाई करावी एवढा मोठा डॉक्टर तिने कधी पाहिला नसावा. अप्पांना कळून चुकलं, की या माणसाचं काहीही गेलेलं नाही. आयुष्यभर जनावर टाळायला त्याला रोज नवी सबब शोधावी लागत होती. आता परिषदेनेच त्याला कायमची सबब सही-शिक्क्यानिशी देऊन टाकली होती, आणि ती तो मानाने मिरवत होता. मांजर डोळा मिटून तसंच बसलं होतं.

पुढच्याच आठवड्यात मुलगी येऊन त्रिलोकेकरांना वसईला घेऊन गेली आणि पावसाळा संपता संपता ते गेल्याचं कळलं. पण ते नंतर. त्या सकाळी कांताच्या टोपलीपासून दोन पावलं मागे सरून त्यांनी अप्पांना विचारलं, ‘‘काय घेताय?’’

‘‘बोंबील बघतोय,’’ अप्पा म्हणाले.

‘‘घ्या. ताजे दिसतायत.’’