अण्णांच्या पायातल्या मुंग्या

आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे रायगोंडा, कायम खाली बघून चालतात. नवख्या माणसाला वाटतं, यांचं काहीतरी हरवलंय. हरवलेलं काही नसतं, पायाखाली मुंगी येऊ नये एवढीच काळजी असते. सांगलीजवळच्या आमच्या गावात जैनांची घरं बरीच आहेत. सगळेच पाणी गाळून पितात, दिवस मावळायच्या आत जेवतात, पण अण्णांइतकं नेटानं कुणी करत नाही. अंगणात मुंग्यांची रांग दिसली की हा सहा फुटी माणूस घराला वळसा घालून मागच्या दारानं आत येतो. लग्न होऊन आले तेव्हा मला हसू यायचं. आता मीही वळसा घालते, आणि चिडतेही.

अशा माणसाच्या पायालाच मुंग्या याव्यात! साखरेचं दुखणं त्यांना पंधरा वर्षांचं. रोज संध्याकाळी कट्ट्यावर बसून पाय चोळत "लय मुंग्या येत्यात गं" म्हणायचे. सासूबाई, त्रिशला त्यांचं नाव, तळव्याला तेल लावून द्यायच्या. गेल्या दिवाळीनंतर एक दिवस अण्णा खुशीत आत आले.

"त्रिशला, मुंग्या गेल्या बघ! गोळ्या लागू पडल्या."

घरात आनंदीआनंद. सासूबाई दुसऱ्या दिवशी मंदिरात श्रीफळ ठेवून आल्या. मी बी.एस्सी. झालेली, जिथं तिथं अक्कल पाजळणारी, पण मलाही काही शंका आली नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

महिनाभरानं फरशी पुसताना मला तपकिरी ठिपके दिसले, एकसारख्या अंतरावर, सोप्यापासून देवघरापर्यंत. पुसत पुसत गेले तर ते अण्णांच्या उजव्या पायाशी थांबले. चपलेचा खिळा वर आला होता आणि अण्णा त्याच चपला घालून दोन दिवस उसात हिंडत होते. अंगठ्याखाली हरभरा मावेल एवढं भोक पडलेलं, आणि हे निवांत पेपर वाचत बसलेले.

"दुखत न्हाई गं," ते मलाच समजावत म्हणाले.

सांगलीत अंकिता डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगितलं. एक बारीक दोरा तळव्याला टेकवत त्या विचारत होत्या, "कळतंय?" दोरा टेकलेला असला की अण्णा गप्प, आणि नसला की "व्हय, व्हय" म्हणत होते.

"अण्णा, मुंग्या नाही गेल्या. पायातलं कळायचंच गेलंय," डॉक्टर म्हणाल्या. "गोळ्यांनी साखर उतरत नाही. इन्सुलिन सुरू करू या. नाहीतर ही जखम भरायची नाही. आधी अंगठा काढावा लागेल, मग पाऊल."

अण्णांनी एकच विचारलं, "ह्ये औषध कंच्या जिवातनं काढत्यात?"

तरुणपणी कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की ते डुकरापासून करतात. डॉक्टरांनी समजावलं, ते पूर्वी. आता कारखान्यात बारीक जंतूंकडून तयार करून घेतात. बाईंनी खरं सांगितलं आणि घोटाळा झाला.

"म्हंजे जंतू. जंतू बी जीवच की वो," अण्णा म्हणाले, हात जोडले आणि पट्टी बांधून घेऊन उठले.

पाच दिवस घरात भांडण. माझा नवरा भरतेश ओरडला, त्याच्या दुप्पट मी ओरडले. ते आपले शांत. जखमेला वास यायला लागला. अंगठा काळवंडेल की काय म्हणून रोज सकाळी मी चोरून बघायची. सासूबाई मात्र एक शब्द न बोलता डॉक्टरांनी दाखवलं तशी पट्टी बदलत होत्या.

सहाव्या दिवशी पट्टी करता करता त्यांनी मान वर न करता विचारलं, "आवं, पाठशाळेत शिकवलं न्हवं, एकेंद्रिय जीव कंचं?"

"झाडं, पानी, माती," अण्णा शाळकरी पोरासारखे पटकन म्हणाले.

"त्येंला एक इंद्रिय असतंय. कंचं?"

"स्पर्श."

"मी आता जखमंत कापूस घालतीया. कळतंय तुमाला?"

अण्णांनी वाकून बघितलं, तेव्हा कुठं त्यांना कापूस दिसला.

"झाडाला कळतं तेवढं बी ह्या पायाला कळंना झालंय. मुंगीला वळसा घालता. आन् ह्ये मुकं लेकरू तुमच्याच अंगाला चिकटून मरतंय, त्येची दया न्हाई व्हय तुमाला?"

शेवटी त्यांना रडू फुटलं. अकरा वर्षांत मी त्या बाईला रडताना पाहिलं नव्हतं.

अण्णा बराच वेळ आपल्या पायाकडं बघत राहिले. गोठ्यातलं आजारी वासरू बघतात तसे. मग मला म्हणाले, "श्रद्धा, डॉक्टरीणबाईला फोन लाव. रातचं जेवान आमी दिवस मावळायच्या आत करतो म्हनावं. सुई त्या हिशेबानं किती वाजता टोचायची, इचार."

तेव्हापासून रोज पाचला मी सुई देते आणि साडेपाचला ताट वाढते. जखम भरायला तीन महिने लागले, पण अंगठा राहिला. गेलेली जाणीव बहुतेक परत यायची नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. अनवाणी तर घरातही फिरायचं नाही.

मग मंदिरात कसं जायचं? तिथं चप्पल चालत नाही. सासूबाईंनी जुनं धुवट धोतर फाडून, आत तीन पदर घालून पांढरेशुभ्र मोजे शिवले. सोवळ्याचे मोजे! पूजेच्या कपड्यांबरोबर वेगळे धुतात, वेगळे वाळवतात. पहिल्या दिवशी शेजारचे नानासो म्हणाले, "रायगोंडा, लगीन हाय का काय रं आज?" अण्णा लाजले, पण मोजे काढले नाहीत.

परवा ते मंदिरातून लवकर आले. पायरीवर बसले आणि पाय पुढं केला. पांढऱ्या मोज्यावर मसुरीएवढा लाल ठिपका होता. पूर्वीचे अण्णा "दुखत न्हाई" म्हणून पेपर वाचत बसले असते.

"त्रिशला, लवकर ये गं," त्यांनी हाक मारली. "ह्याला कायतरी लागलंय. ह्याला बिचाऱ्याला सांगता येत न्हाई, म्हून मी सांगाया आलो."

सासूबाई हातातलं पीठ तसंच टाकून धावल्या.